कात्री अर्ध्यात थांबली ती कशी?

‘मेंदू तुमच्या आधीच ठरवतो. हुकूम एकदा सुटला की हात थांबवणं माणसाच्या हाती नाही. मग हात उठला तर दोष कोणाचा?’ हा मेसेज आमच्या नाशिकच्या तीन ग्रुपांवर आठवडाभर फिरतोय. खाली ‘विज्ञानाने सिद्ध’ असा शिक्काही आहे.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर ते खपतं. १९८३ मध्ये अमेरिकन मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांनी लोकांना वाटेल तेव्हा हात हलवायला सांगितलं. हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी मेंदूतला विद्युत संकेत चढू लागला. ‘हलवावा’ असं मनात आलं ते मात्र साधारण २०० मिलिसेकंद आधी. मेसेज इथंच संपतो. उरलेल्या तेवढ्या वेळात बेत रद्द करता येतो, हे लिबेट यांचंच म्हणणं तो गिळून टाकतो. शिवाय तो संकेत म्हणजे निर्णयच का, यावर अजून वाद आहे.

दुसरं वाक्य सरळ चूक. मागच्या थिनिंगला, म्हणजे द्राक्षांच्या विरळणीला, मी मामाच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेत होतो. एका घडाच्या देठाला कात्री लावली, पाती मिटायला लागली आणि मामा ओरडला, “अरे, तो नको!” बोटं अर्ध्यात थांबली. देठावर खाच पडली, पण घड वेलीलाच राहिला.

हुकूम सुटला होता, हालचालही सुरू झाली होती. तरी ब्रेक लागला, कारण थांबणं हे मेंदूचं वेगळं काम आहे. कपाळामागच्या उजव्या भागातून निरोप खोलवरच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या लहानशा भागाकडे जातो आणि तिथून हालचालीची वाट अडवली जाते. ‘कर’ आणि ‘थांब’ यांची ही शर्यतच. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ती तशीच मांडली. ‘थांब’ला पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. बर्लिनच्या एका प्रयोगात, हालचालीला २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असताना थांबायची खूण मिळाली, तर लोकांचा पाय हलायचाच. पण हललेला पायही कधीकधी मध्येच आवरता यायचा. माझी खाच त्यातलीच.

राहिला दोष. लिबेट यांच्या प्रयोगात विनाकारण हात हलवायचा होता. घरात हात उठतो त्याआधी आवाज चढलेला असतो, खुर्ची मागे सरकलेली असते, समोरचं माणूस दोनदा “पुरे आता” म्हणालेलं असतं. ते मिलिसेकंदांत मोजत नाहीत.