अंगणात उपग्रह पडल्यास

मेलेला उपग्रह खाली येतोय अशी बातमी आली, की आधी घाबरणं बंद करा. घाबरायला निदान तो कुठे पडणार हे तरी ठाऊक हवं, आणि ते कुणालाच ठाऊक नसतं. 2011 साली नासाचा यूएआरएस खाली आला तेव्हाचंच बघा. साडेपाच टनांहून जड, एसटी बसएवढं धूड. 1991 मध्ये वर नेऊन सोडलेलं, 2005 मध्ये निवृत्त केलेलं. वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करायला पाठवलं होतं. शेवटी त्याच थरांत शिरून त्याने तो फारच जवळून केला. कुठे पडणार म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, 57 अंश उत्तर आणि 57 अंश दक्षिण यांच्यामध्ये कुठेतरी. म्हणजे चंद्रपूरकडच्या सिंदेवाहीपासून न्यू जर्सीपर्यंत जवळजवळ सगळी मनुष्यवस्ती. सावध राहायचंच असेल, तर उत्तर सायबेरियात एखादा नातेवाईक शोधून ठेवा.

वेळेचंही तेच. ताशी सुमारे 28 हजार किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा अंदाज तासाभराने चुकला, तर पडण्याची जागा तेवढीच सरकते. सूर्य खवळला की वरचं वातावरण फुगतं, घर्षण वाढतं, पाहुणा लवकर येतो. यूएआरएसने तर शेवटी शेवटी नुसती कूस बदलली आणि सगळं वेळापत्रक पुढे ढकललं. अखेर शनिवारी, 24 सप्टेंबरला, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले असताना तो अमेरिकन सामोआजवळ प्रशांत महासागरावर आला. नेमकी जागा जाहीर झाली ती त्यानंतर काही दिवसांनी. पडून गेल्यावर वर्तवलेला अंदाज सहसा चुकत नाही, हे ध्यानात ठेवा.

आकडेवारीने मन शांत करून घ्यायला शिका. 26 तुकडे जमिनीपर्यंत पोचतील, मिळून 532 किलो, असा हिशोब होता. कुणा ना कुणाला इजा होण्याची शक्यता 3,200 मध्ये 1. नासाचा स्वतःचा नियम जास्तीत जास्त 10,000 मध्ये 1 चा. पण उपग्रह नियमाआधीचा, त्यामुळे जुन्या चाळीला नवी नियमावली कशी लावणार? शिवाय ती शक्यता अख्ख्या मानवजातीची. तुमच्या एकट्याच्या वाट्याला साधारण 22 लाख कोटींत 1. तुकडा अंगावर आलाच, तर त्याला हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

आता मुख्य मुद्दा. तुकडा हवेत असेपर्यंत तो योगायोग असतो. तुमच्या अंगणात टेकला, की तत्क्षणी मालमत्ता होतो, आणि ती तुमची नव्हे. 1967 चा अंतराळ करार स्पष्ट सांगतो की वस्तू पृथ्वीवर परतली तरी मालकी बदलत नाही. यूएआरएसच्या वेळी तर बजावलंच होतं, हात लावू नका, अमेरिकी सरकारचा माल आहे. वर असताना ज्याच्यावर कुणाचा ताबा नव्हता, त्याच्यावर खाली आल्यावर केवढा हक्क! तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याचा मोह आवरा.

आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे रांगेने गेले, लोकांनी मोबाइल काढले, कुणी उल्का म्हणालं, कुणी आणखी काही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं कडं येऊन पडलं, दोन माणसं आडवी मावतील एवढं. आसपास गोल टाक्याही सापडल्या. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. ताडोबाच्या शेजाराला मागून येणाऱ्या वाघाची सवय असते. वरून येणाऱ्या कड्यासाठी अजून गस्त सुरू झालेली नाही. कडं पोलीस ठाण्यात जमा झालं, हे बरं झालं. निदान त्याला पत्ता मिळाला.

गोठ्याचं छप्पर गेलं असेल तर तलाठ्याला बोलवा. पंचनाम्यात कारण काय लिहायचं यावर तासभर जाईल. अवकाळी? वन्यप्राणी? गारपीट लिहून टाका. वरून पडलं, एवढं तरी खरं आहे.

भरपाई मात्र मिळते हो. 1972 च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची पूर्ण जबाबदारी उपग्रह सोडणाऱ्या देशाची, चूक कुणाची हा प्रश्नच नाही. फक्त तुम्ही स्वतः जायचं नाही. तुमच्या म्हशीची कैफियत तुमच्या सरकारने वकिलातीमार्फत त्या सरकारकडे, शक्यतो वर्षाच्या आत मांडायची. 1978 मध्ये कॉसमॉस 954 हा सोव्हिएत उपग्रह आपल्या अणुभट्टीसकट कॅनडाच्या बर्फात विखुरला. किरणोत्सारी तुकडे वेचून कॅनडाने सुमारे 60 लाख डॉलर मागितले. 1981 मध्ये 30 लाखांवर तडजोड झाली. म्हणून म्हैस एक मेली असेल तरी दोन लिहा.

ग्रामपंचायतीनेही गप्प बसू नये. 1979 मध्ये नासाच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकाचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्सच्या आसपास पडले, तेव्हा तिथल्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंड ठोठावला. नासाने काही तो भरला नाही. 2009 मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. तेव्हा पावतीपुस्तक छापताना कागद 30 वर्षं टिकेल असा घ्या, आणि 'पैसे देणाराचे नाव' ही जागा सध्या कोरीच ठेवा.