खड्डा, मोरचूद आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ ताटवाट्या

‘भट्टी नको, खर्च नको, दोन तासांत घरच्या घरी मातीची भांडी!’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सोबत छोटा व्हिडिओ आहे. थोडक्यात सांगायचं तर मेसेज म्हणतो: गुडघाभर खड्डा खणा. बागेतली कुठलीही माती घेऊन भांडी करा. वाळवत बसू नका, आगीच्या उबेत ती आपोआप वाळतात. जुनं फर्निचर, प्लायवूड, जे जळेल ते टाका. वरून मीठ आणि मोरचूद शिंपडा, म्हणजे सुंदर रंग उठतात. मग झाकून धुमसू द्या. दोन तासांनी पाणी मारून बाहेर काढा. तापमान भट्टीइतकंच, भांडी भट्टीइतकीच पक्की, पाणी न गळणारी, शंभर टक्के नैसर्गिक आणि जेवायला सुरक्षित. शेवटी ते ठरलेलं वाक्य: आपले पूर्वज हजारो वर्षं हेच करत होते.

भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आत्या, सुट्टीत पोरांना घेऊन करूया ना?’ तिच्या मोठ्या पोराला जुनाट दमा आहे. मी बरीच वर्षं मातीत हात घालून बसते, म्हणून तिने निदान विचारलं तरी. ज्यांच्या घरात विचारायला कोणी नाही, ते सरळ मोरचुदाची पुडी आणतील. म्हणून हे लिहितेय. मुद्दे मेसेजच्या क्रमाने घेणार नाही. ज्याने सगळ्यात जास्त डोकं फिरलं, तिथूनच सुरुवात करते.

मोरचूद. मेसेजमध्ये त्याला ‘नैसर्गिक खनिज’ म्हटलंय. बरोबर आहे, पाराही निसर्गातच सापडतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. चुन्याबरोबर कालवून त्याचं बोर्डो मिश्रण करतात आणि पिकावरची बुरशी मारायला फवारतात. डोळ्यात गेलं तर डोळ्याला गंभीर इजा होते, पोटात गेलं तर उलट्या आणि त्याहून वाईटही. आता हे निळे खडे पेटत्या खड्ड्यात पडले की काय होतं? आधी त्यांच्यातलं पाणी उडतं, निळा रंग जातो आणि पांढरट भुकटी उरते. साडेसहाशे अंशांच्या आसपास त्या भुकटीचं विघटन होतं. मागे राहतं कॉपर ऑक्साइड आणि हवेत जातात गंधकाचे ऑक्साइड, म्हणजे घसा धरणारा, दम्याच्या माणसाला बेजार करणारा वायू. मिठातल्या क्लोरीनशी तांब्याची गाठ पडली की कॉपर क्लोराइडच्या वाफा उठतात. भांड्यावर जे लालसर, हिरवट ढग उमटतात आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यामागे याच वाफा असतात. रंग देणारी गोष्ट आणि छातीत जाणारी गोष्ट एकच आहे. रंग ठेवून वाफ गाळता येत नाही.

एवढ्यावर भागत नाही. कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या राखेवर बरंच संशोधन झालेलं आहे. क्लोरीन, अर्धवट जळालेला कार्बन आणि तांबं एकत्र आले, की साधारण २५० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन नावाची अतिशय विषारी संयुगं तयार होतात आणि तांबं त्यात उत्प्रेरकाचं काम करतं, हे त्यातून पक्कं कळलंय. आता मेसेजमधला मसाला पुन्हा वाचा: मीठ, लाकूड, मोरचूद आणि झाकून धुमसत ठेवलेली आग. ‘तोंडाला रुमाल बांधा’ अशी काळजीही घेतलीय लिहिणाऱ्याने! रुमालाने वायू अडत नाही. धुळीच्या मास्कनेही अडत नाही.

काही अनुभवी कलाकार खड्ड्यात मोरचूद वापरतात, हे खरं आहे. पण ते आम्लवायू शोषणारं कार्ट्रिज लावलेला रेस्पिरेटर घालतात, वाऱ्याची दिशा बघून उभे राहतात, पोरांना आसपास फिरकू देत नाहीत आणि निघालेलं भांडं शोभेसाठी फडताळात ठेवतात. त्यात कोणी आमटी वाढत नाही. झिलईच्या, म्हणजे काचेसारखा थर चढवलेल्या भांड्यातले रंग निदान काचेत बंद झालेले असतात, आणि तिथेही चुकीच्या झिलईतून धातू पाझरतात. खड्ड्यातल्या भांड्यावर काच नसते. तांब्याचे ऑक्साइड पृष्ठभागावर आणि छिद्रांत नुसते बसलेले असतात. आंबट काही वाढलं की ते त्यात विरघळायला लागतात. पोरांच्या वाटीबद्दल बोलतोय आपण.

‘जे जळेल ते टाका’ हा याचाच जुळा भाऊ. प्लायवूडमध्ये फॉर्मल्डिहाइडचे रेझिन असतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. वाळवी लागू नये म्हणून दाबाखाली रसायन भरलेल्या लाकडात अनेकदा क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असतं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी असं लाकूड घरगुती वापरासाठी बनवणं थांबवलं, पण तोवर बसवलेलं लाकूड आजही जागोजागी उभं आहे. ते जाळलं की आर्सेनिकचा काही भाग धुरात जातो आणि उरलेला राखेत. त्याच राखेत भांडी गाडलेली असतात, आणि मेसेज सांगतो की उरलेली राख बागेत खत म्हणून पसरा. रंग-पॉलिश नसलेलं कोरडं लाकूड, लाकडाचा भुसा, गवत, शेणी, एवढंच पुरतं. शेणी तर सावकाश आणि सारख्या जळतात, भांड्याभोवती रचायलाही सोप्या.

आता ‘पूर्वज’. इथे अर्धं सत्य आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. चीनमधल्या शियानरेनडोंग गुहेतली खापरं सुमारे २०,००० वर्षं जुनी आहेत. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्या काळात बांधीव भट्ट्या नव्हत्या, आणि काही खापरांवर बाहेरून जळाल्याच्या खुणा आहेत, म्हणजे ती चुलीवर चढली असावीत. उघड्या आगीत भाजलेल्या भांड्यांत माणसाने पिढ्यानपिढ्या अन्न शिजवलं. मान्य. पण त्या माणसांनी प्लायवूड जाळलं नव्हतं आणि भांड्यावर मोरचूद उधळलं नव्हतं. शिवाय त्यांना आपलं भांडं झिरपतं हे चांगलं ठाऊक होतं. फिजीमध्ये आगीतून काढलेल्या गरम भांड्यावर झाडाची राळ फासतात, ती कशासाठी? भांडं मुळात ‘वॉटरप्रूफ’ असतं तर एवढी उठाठेव कोणी केली असती?

झिरपणं हा कच्च्या कामाचा दोष नाही, कमी तापमानाला भाजलेल्या मातीचा तो स्वभावच आहे. माठातलं पाणी गार राहतं ते झिरपून बाहेर येतं आणि वाळतं म्हणूनच. मातीतले कण वितळून एकमेकांत मुरायला आणि छिद्रं बुजायला दगडी भांड्यांच्या (स्टोनवेअर, म्हणजे भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या भांड्यांच्या) मातीला बाराशे अंशांच्या वर जावं लागतं. खड्डा तिथवर पोचत नाही. गारगोटीने घोटून भांडं आरशासारखं चमकवलं तरी छिद्रं बारीक होतात, बुजत नाहीत. मेण लावलं तर गरम पदार्थाने ते वितळतं. आणि छिद्रांत शिरलेला रस्सा, दूध, तेल घासून निघत नाही, तिथेच आंबतं.

आता तापमान. ‘भट्टीइतकंच तापमान’ हे वाक्य वाचून मी आधी हसले, मग थोडं चडफडत कबूल केलं की यात तथ्य आहे. ऑलिव्हिए गोस्लाँ या संशोधकाने कॅमेरूनमध्ये कुंभारांसोबत काम केलं, त्यांच्या आगीत तापमापक ठेवून मोजमापं घेतली, इतर ठिकाणची मोजमापंही गोळा केली आणि १९९२ मध्ये ‘जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स’मध्ये मांडली. उघडी आग, खड्डा आणि साधी भट्टी यांची तापमानं मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळतात, हे त्यात दिसतं. सहाशे ते नऊशे अंशांच्या पट्ट्यात हे सगळेच प्रकार सापडतात. तेव्हा नुसता कमाल आकडा बघाल, तर मेसेज खोटं बोलत नाही.

पण तोच लेख पुढे वाचला तर मेसेजची हवा निघते. गोस्लाँचा मुद्दाच हा आहे की एका आकड्याला फारसा अर्थ नाही. एकाच आगीत इथे एक तापमान आणि तिथे दुसरं, फरक शेकडो अंशांचा. एकाच भांड्याच्या दोन बाजूही सारख्या तापत नाहीत. वर, उघडी आग झपाट्याने चढते आणि तशीच उतरते. भट्टीत मात्र तुम्ही तापमान हळूहळू चढवता आणि वर नेऊन रोखून धरता. मातीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. चिकणमातीच्या कणांत रासायनिक पाणी बांधलेलं असतं. शुद्ध केओलिनाइटच्या (चिकणमातीतलं एक मुख्य खनिज) वजनाचा सुमारे १४ टक्के भाग हे पाणीच असतं. ते साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान निघून जातं, आणि ते गेल्यावरच मातीची परत माती होत नाही. खड्ड्याच्या कडेला राखेत दबलेली वाटी चारशेवरच अडकली, तर बाहेरून काळीभोर, देखणी दिसेल आणि रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी तळाशी चिखल असेल.

मग व्हिडिओतली भांडी इतकी छान कशी? तो आवाज वाढवून पुन्हा बघा. खड्ड्यात रचताना एक भांडं दुसऱ्याला लागतं आणि ‘टण्ण’ असा आवाज येतो. रंग बघा, फिकट गुलाबी. कच्चं भांडं असं वाजत नाही, ते भद्द वाजतं, आणि दोन कच्ची भांडी अशी आपटली तर एकाची कड हातात येते. ती भांडी आधीच कुठल्यातरी भट्टीत भाजून आणलेली आहेत. खड्डा फक्त धुराचे रंग चढवायला. यात वावगं काही नाही, कित्येक कलाकार हेच करतात, मीही करते. पण ते सांगायचं नाही आणि वर ‘भट्टी नको’ असा मथळा द्यायचा, याला लबाडी म्हणतात.

‘वाळवू नका’ हा सल्ला ज्याने दिला त्याने ओलं भांडं फुटताना ऐकलेलं नसावं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. जाड बुडात मुरलेल्या ओलाव्याला तेवढ्या वेगाने बाहेर पडायला वाट नसते. मग बूड उडतं, धारदार कपच्या उडतात आणि शेजारची भांडीही घेऊन जातात. (‘हवेच्या बुडबुड्यामुळे फुटतं’ हेही सर्रास ऐकू येतं. दोष पाण्याचा असतो. पूर्ण वाळलेल्या भांड्यातला बुडबुडा सहसा निमूट बसून राहतो.) भांडं गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग खड्ड्याच्या काठावर, आगीपासून जरा लांब, फिरवत फिरवत शेका. हात लावता येणार नाही इतकं तापलं की मग आत. मातीत भाजलेल्या खापराचा चुरा मिसळला असेल तर वाफेला वाट मिळते आणि तडेही कमी जातात.

पाणी मारून काढायचं? मातीत गारगोटीची म्हणजे क्वार्ट्झची रेती असतेच. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि त्यासोबत त्याचं आकारमानही एकदम बदलतं. चढतानाही, उतरतानाही. त्यात वरून बादली ओतली की बाहेरचा थर आक्रसतो, आतला अजून फुगलेला असतो. बहुतेक वेळा तडा जातो. शिवाय निखाऱ्यावर पाणी पडल्यावर उठणारी वाफ आणि उडणारी राख थेट वाकलेल्या तोंडावर. खड्डा रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी काढा, एवढा धीर नसेल तर मातीच्या नादाला लागू नये.

‘अंगण नसेल तर गच्चीवर पत्र्याच्या पिंपात करा’ अशी एक पुरवणीही फिरतेय. जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप लाल झालं की जस्ताच्या धुराने ताप भरतो. खालचं काँक्रीट तापून त्याचे पापुद्रे उडतात. आणि झाकलेल्या, धुमसत्या आगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड बंदिस्त जागेत जीव घेतो. यावर जास्त काही लिहायची इच्छा नाही.

राहिली ‘कुठलीही माती’. पोरांना खेळायला चालेल. भाजायची असेल तर ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर चिकटपणा कमी आहे. त्याहून फसवे असतात चुनखडीचे खडे. आगीत त्यांचा कळीचा चुना होतो, भांडं नीट बाहेर येतं, मग काही दिवसांनी तो चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि चांगल्या भांड्याचा टवका उडवतो. टवक्याच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसला की समजावं. माती चाळल्यावर वर राहिलेल्या खड्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर ती माती पाण्यात कालवून बारीक जाळीतून गाळा, नाहीतर दुसरी शोधा.