कॉन्टॅक्ट लिस्टमधली गुप्त माणसं

संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता एवढंच बघायचं असतं, पोटात कावळे ओरडत असतात, आणि पंचांगाचं ॲप म्हणतं आधी कॉन्टॅक्ट्स दाखवा. का? चंद्राला मिस्ड कॉल देणारेत? मी असल्या बाबतीत जाम खडूस, सरसकट डिनाय. पण उपयोग शून्य, कारण माझा नंबर माझ्या एकट्याकडे थोडाच आहे, तो दूधवाल्याकडे आहे, वॉचमनकडे आहे, आणि ही मंडळी दिसेल त्या ॲपला अलाऊ अलाऊ करत सुटतात. त्यामुळे कॉलरचं नाव दाखवणाऱ्या एका ॲपवर मी सध्या 'बी विंग लीकेजवाले' या नावाने झळकतोय. कर्ज देणाऱ्या ॲप्सनी तर याद्या उचलून, हप्ता थकला की थेट सासऱ्यांना फोन लावले, शेवटी रिझर्व्ह बँकेला २०२२ मधे सांगावं लागलं की बाबांनो कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावू नका.

आमच्या बाबांना मात्र ही काळजीच नाही. त्यांची स्वतःची सिस्टीम आहे. त्यांच्या फोनमधे 'आत्माराम तुकाराम मोरे' आहेत, आद्याक्षरं जुळवा म्हणजे कळेल, नंबरचे शेवटचे चार आकडे पिन. 'पानसे काका' म्हणजे पॅन, त्यातली अक्षरं नंबरात बसेनात म्हणून ती कंपनीच्या रकान्यात, म्हणजे काका कुठल्यातरी अगम्य कंपनीत नोकरीला. आणि 'आधारकर मॅडम'. आधार १२ अंकी, ९१ धरून मोबाईलही १२ अंकी, कसं फिट्ट बसलं बघ, असं ते मला कौतुकाने दाखवत होते आणि मागून आई, "अहो, या आधारकर कोण?" पुढचा तास पॅन-आधार लिंक करण्यापेक्षा अवघड गेला.

बरं, गुप्त ठेवायचं तर गुप्त तरी ठेवावं! पण ही आयडिया ते लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्यालाही सांगतात. मी म्हटलं, बाबा, हे सगळं डिलीट करा, निदान पिन तरी बदला. पिन बदलला त्यांनी, लगेच. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज: "आत्माराम मोरे यांचा नंबर बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी." सोबत कॉन्टॅक्ट. खाली मावसकाकांचा अंगठा, आणि आत्याचं, "हे मुलीकडचे का?"