मशीन बंद असलं तरी चुंबक चालूच असतं

“एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, त्यामुळे धोका शून्य. मशीन बंद असताना नातेवाइकांनी आत जायला हरकत नाही. सोनं चुंबकाला चिकटत नाही, दागिने राहू द्या. आधी एमआरआय झाला असेल तर तो लांबलचक फॉर्म भरू नका.” हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. तो फॉर्म मी रोज भरून घेतो, म्हणून लिहितोय.

रेडिएशनचं खरं आहे. एक्स-रे, सीटीसारखे किरण इथे नसतात. पण धोका चुंबकाचा आहे.

‘मशीन बंद असताना’ हे शब्द तर जिवावर बेतणारे आहेत. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचं. त्याची वेटोळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर असतात आणि त्यांतली वीज रात्री, रविवारी, दिवाळीतही वाहत असते. खडखडाट थांबला म्हणजे स्कॅन थांबला, एवढंच. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. तो पेशंट नव्हता, सोबत आलेला नातेवाईक होता. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं. सिलिंडरसकट तो खेचला गेला आणि त्यातच त्याचा जीव गेला.

सोनं चिकटत नाही, मान्य. पण स्कॅनच्या रेडिओ लहरींनी धातू तापतो, कातडी भाजू शकते. शिवाय मंगळसूत्राची तार, फासा कशाचा आहे हे कुणाला ठाऊक असतं? जोडवी, साडीच्या पिना, जरीचा काठ, सगळं बाहेरच. एक आजी मंगळसूत्र काढायला काही केल्या तयार होईनात. शेवटी सुनेने त्यांच्या गळ्यात साधा सुती काळा दोरा बांधला, तेव्हा कुठे त्या आत आल्या. मला ते फार आवडलं.

आता फॉर्म. मागच्या स्कॅननंतर पेसमेकर बसला असेल, मेंदूतल्या रक्तवाहिनीला क्लिप लावली असेल, कानात इम्प्लांट असेल. आजचे बरेच पेसमेकर एमआरआयमध्ये ठरावीक अटींवर चालतात. पण त्या अटी मॉडेलवर ठरतात, म्हणून कार्ड सोबत आणा. आधीचं मशीन १.५ टेस्लाचं आणि आताचं ३चं असू शकतं.

‘कधी लेथवर, ग्राइंडरवर काम केलंय का?’ हा प्रश्न लोकांना सगळ्यात फालतू वाटतो. वीस वर्षांपूर्वी डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण माणूस विसरलेला असतो. चुंबकाजवळ तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. उत्तर ‘हो’ आलं आणि शंका वाटली, की आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात, मग एमआरआय.