यादीत नाव नसेल, तर ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही

विधानसभा निवडणूक आली की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो: यादीत नाव नसले तरी आधार दाखवा, कलम ४९-अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, केंद्रावर १४ टक्के ‘टेंडर व्होट’ पडले तर फेरमतदान होते. हे खोटे आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-अ मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज मतदाराने मागायचेच नसते. समोरच्या मतदाराच्या ओळखीवर शंका असेल, तर उमेदवाराचा प्रतिनिधी २ रुपये भरून आक्षेप घेतो आणि केंद्राध्यक्ष चौकशी करून निर्णय देतात.

टेंडर व्होट मात्र खरे आहे (नियम ४९-प). तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर परत फिरू नका. ओळख पटवा, टेंडर मतांच्या यादीत सही करा, कागदी मतपत्रिका मागा. मशीनवर मत देता येत नाही. ही मतपत्रिका पाकिटात वेगळी राहते, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निवडणूक याचिकेत न्यायालय ती विचारात घेऊ शकते. १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही.

खरा घोळ पत्त्याचा होतो. सिडको नाशिक पश्चिममध्ये, पंचवटी नाशिक पूर्वमध्ये. घर बदलले की मतदारसंघही बदलू शकतो. त्यासाठी फॉर्म ८, पहिल्यांदा नोंदणीसाठी फॉर्म ६. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका, उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही. चौकशीसाठी हेल्पलाइन क्रमांक १९५०.