दुसऱ्याच्या ताटात डोकावताना

लोकांच्या जेवणाला नावं ठेवायची असतील तर आधी बसायची जागा नीट निवडा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलर हॉलमध्ये असतो आणि शेगडी आत. झोत तिकडे वळवला तर गॅसची ज्योत फडफडते, म्हणून आतला पंखासुद्धा बंद. तुम्ही अर्थातच कूलरसमोर बसा. मतं थंड हवेत चांगली फुगतात.

घरच्या बाईचा हिशोब ऐका, मनावर मात्र घेऊ नका. सासूबाईंची चतुर्थी, त्यांना भगर. सासऱ्यांना शुगर, म्हणून ज्वारीची भाकर. मोठ्या पोट्ट्याला वरण नको, धाकटीला वरणाशिवाय काही नको. नवऱ्याला चून, म्हणजे पिठलं हवं, तेही नाकातून पाणी काढणारं. चार भांडी, दोन हात. त्यात पोट्ट्यानं मॅगी मागितली आणि तिनं मुकाट्यानं करून दिली, की सोडू नका. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं!" तुम्ही चाळिशीचे असलात तर मॅगी तुमच्याही लहानपणी होतीच, पण इतका हिशोब कोण करतो?

पुण्याहून आला असाल तर काम सोपं. सांबारवडी समोर आली की "सांबार कुठंय?" विचारा. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात असं कुणी सांगितलं तर हे शुद्ध मराठी नव्हे, म्हणा. आपण नागपूरकरांनीही मागं राहू नये. त्यांच्या आमटीत गूळ लागला की मोठ्यानं विचारायचं, "काहून बाप्पा, हे वरण आहे की बासुंदी?"

खरा कस लागतो तो सावजी मटणाच्या रश्श्याला. सावजी हा मुळात हलबा कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या घरचा स्वयंपाक. तो शेजारी शिजत असेल तर त्याला वास म्हणावं, नाकाला रुमाल लावावा, खिडकी आपटून बंद करावी आणि भाड्यानं खोली देताना "तुम्ही काय खाता?" हे आडनावाच्याही आधी विचारावं. (आडनावही त्यासाठीच विचारतात म्हणा.) तोच रस्सा रात्री भोजनालयात पैसे मोजून खाल्ला तर ती नागपूरची खाद्यसंस्कृती. तिथं शेजारच्या टेबलावर ओळखीचं कुणी दिसलं तर दोघांनीही पंख्याकडे बघावं. मी दोनदा बघितलंय.

चहाबरोबर "मी बाई अगदी साधं खाते" किंवा "माझं काय, वरणभात पुरे" हे एकदा बोलून ठेवा. मग वडाभात आला की घ्या. दोन वडे कुस्करा, वरून लाल मिरचीच्या फोडणीचं गरम तेल घाला. तेल कमी वाटलं तर बसल्या जागेवरून आवाज द्या. आत पंखा बंद असतो, चांगलं ऐकू जातं.