क्लोरीनवाला फॉरवर्ड: आधी घाबरवायचं, मग तोच गॅस घरी बनवायला सांगायचं

"नळाचं पाणी म्हणजे स्लो पॉयझन" हा मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असं आहे: १) क्लोरीन हा युद्धात माणसं मारायला वापरलेला गॅस, तोच तुम्हाला रोज पाजतात. २) त्याने कॅन्सर होतो. ३) पुढारलेल्या देशांनी तो कधीच बंद केला. ४) घरातल्या ब्लीचमधलं क्लोरीन "न्यूट्रल" करायला त्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला आणि मग बाथरूम धुवा, दुप्पट स्वच्छता, शून्य विष. ५) स्विमिंग पूलला उग्र वास आला की समजा क्लोरीन जास्त झालंय.

फॅमिली ग्रुपवर मावशीने हा टाकला आणि खाली लिहिलं, "चार नंबर उद्याच करून बघते." मी लगेच फोन केला. म्हणून चार नंबरपासूनच सुरू करतो, बाकीचं नंतर.

ब्लीच म्हणजे पाण्यात विरघळलेलं सोडियम हायपोक्लोराईट. ते बाटलीत गुपचूप बसतं कारण ते द्रावण अल्कलाइन (अ‍ॅसिडच्या उलट) ठेवलेलं असतं. त्यात अ‍ॅसिड पडलं, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो की टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड असो, की क्लोरीन गॅस सुटतो. न्यूट्रल वगैरे काही होत नाही, उलट जो गॅस बाटलीत बांधलेला होता तो तुम्ही मोकळा करता! म्हणजे एक नंबरमध्ये ज्या गॅसच्या नावाने बोंब मारली तोच गॅस चार नंबरमध्ये बंद बाथरूममध्ये खाली वाकून तयार करायचा. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का?

हा गॅस हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड, त्यामुळे तो खाली फरशीजवळ साठतो आणि घासणारा माणूसही तिथेच बसलेला असतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, खोकला थांबत नाही, आणि जास्त गेला तर फुफ्फुसात पाणी भरू शकतं, तेही कधीकधी काही तासांनी, म्हणजे "आता बरं वाटतंय" यावर विसंबू नका. असं कुणाकडून झालंच तर बादली ओतत बसायचं नाही, वरून आणखी काही टाकून "मारायचा" प्रयत्न तर अजिबात नाही, सरळ बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टर. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळायचं नाही, त्यातून क्लोरामाइनचे गॅस निघतात, तेही तितकेच वाईट. ब्लीच एकटं वापरा, साध्या पाण्यात, खिडकी उघडी ठेवून. बस.

आता एक नंबर. हो, २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने दीडशे टनांहून जास्त क्लोरीन सिलिंडरमधून सोडला, हे खरंय. नळाच्या पाण्यात मात्र असतो लिटरला मिलीग्रॅमच्या हिशोबात, नळापर्यंत किमान ०.२ मिलीग्रॅम उरावा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते आणि वरची मर्यादा ५ मिलीग्रॅम देते. प्रमाण नावाची काही गोष्ट असते की नाही? मिठातही क्लोरीन आहेच की, फक्त क्लोराईडच्या रूपात, ते नाही कुणाला विष वाटत.

दोन नंबरमध्ये थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची रिअ‍ॅक्शन होऊन ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, क्लोरोफॉर्म त्यातलंच. हे १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी दाखवलं. दीर्घकाळ जास्त प्रमाणात ते पोटात गेलं तर मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध असू शकतो असं काही अभ्यास सांगतात, म्हणूनच अमेरिकेत त्याला लिटरला ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पण पाण्याच्या गुणवत्तेबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जागतिक आरोग्य संघटना स्पष्टच सांगते, की निर्जंतुकीकरण नीट न केल्याचा धोका या पदार्थांच्या धोक्यापुढे कितीतरी मोठा आहे आणि ते कमी करायच्या नादात निर्जंतुकीकरणाशी तडजोड करू नका. कॉलरा, टायफॉइड दहावीस वर्षं वाट बघत नाहीत हो, काही दिवसांत आडवं करतात.

तीनमध्ये बहुधा नेदरलँड्सबद्दल ऐकलेलं अर्धवट असावं. त्यांनी खरंच पाण्यात क्लोरीन घालणं थांबवलंय, पण त्यामागे कडक फिल्टरिंग, जंतू मारायला यूव्ही (अतिनील किरण) किंवा ओझोन गॅस आणि न गळणारे पाइप आहेत. यूव्ही मशीनपाशीच जंतू मारतो, पुढे पाइप फुटून घाण आत शिरली तर त्याचा काही उपयोग नाही, क्लोरीन मात्र नळापर्यंत सोबत येतो. तो सगळा खटाटोप न करता नुसतं क्लोरीन बंद करा म्हणणं सोपंय.

पाच नंबर उलटा आहे. पूलचा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो, म्हणजे क्लोरीन अधिक लोकांचा घाम आणि (सॉरी) लघवी. आधी अंघोळ करून उतरा.

आणि ज्यांना नळाच्या पाण्याचा वास सहनच होत नाही त्यांनी भांडं काही तास उघडं ठेवावं किंवा पाणी उकळावं, साधं क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी मुद्दाम क्लोरामाइन वापरतात, ते असं सहज जात नाही. आणि क्लोरीन उडालं की त्या पाण्याचं राखणही गेलं, तेव्हा नंतर झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.